सव्वीस फेरफार

९ जानेवारी

तळटीप सरांचं नवीन फर्मान: इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने रोजनिशी ठेवायची. "उद्याच्या इतिहासकाराला तुमच्याबद्दल काही कळायला नको का?" उद्याच्या इतिहासकाराला माझ्याबद्दल काय कळणार, तर उठली, बस चुकली, आईशी भांडली, जेवली. पण वही आणली. सरांचं खरं नाव वेगळंच आहे. कोणी काहीही बोललं की ते "तळटीप कुठाय?" म्हणतात, म्हणून वर्गाने त्यांचं हे नाव ठेवलंय.

दुसरं फर्मान प्रकल्पाचं. घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा इतिहास शोधायचा. सम्राट नकोत, लढाया नकोत. मी पूल निवडला. बत्तीस वर्षांपूर्वी रंगाच्या कारखान्यातले कामगार मोर्चा घेऊन त्या पुलावरून निघाले आणि चौतीस माणसं मेली. सरकारी अहवाल म्हणतो, चेंगराचेंगरी. बाकी कोणी काही म्हणतच नाही. रोज त्याच पुलावरून मी कॉलेजला जाते. साधी पाटीसुद्धा नाही तिथे!

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "दुसरं काही मिळालं नाही का तुला?" आजोबांना विचारलं. आईचे वडील. पप्पा गेले तेव्हापासून ते आमच्याकडेच असतात. उभी हयात त्या रंगाच्या कारखान्यात गेली त्यांची, नखांच्या कडा अजून निळ्या आहेत. म्हटलं, आजोबा, तुम्ही तेव्हा कामाला होतात ना? तर म्हणे, "मला नीट ऐकू येत नाही." एक कान गेलाय हे खरं, पण दुसरा चांगला आहे. टीव्हीवरच्या बातम्या बरोबर ऐकू येतात.

१३ जानेवारी

पुलापलीकडच्या वस्तीत दिवसभर फिरले. न्हावी, सायकलवाला, दळणवाला, सगळ्यांचं उत्तर एकच, "आम्ही तेव्हा गावाला गेलो होतो." त्या दिवशी अख्खी वस्ती गावाला गेली होती म्हणे. मग मेलं कोण?

शिवणकाम करणाऱ्या एक काकू आहेत, त्यांनी तेवढं घरात घेतलं, पाणी दिलं. माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तू जन्म-मृत्यूवाल्या ताईंची ना? नाक तेच आहे." मी म्हटलं, हो, पण तुम्ही आईला कशा ओळखता? त्या मशीनकडे वळल्या. "तुझ्या आईलाच विचार, बाळ."

आई जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात कारकून आहे. शहरातल्या निम्म्या लोकांना तिचं नाक माहीत असणारच. त्यात विचारायचं काय?

१६ जानेवारी

आईशी कडाक्याचं भांडण. मी एवढंच म्हटलं, की त्या वर्षाचं मृत्यूचं रजिस्टर तुमच्याच कार्यालयात आहे, मला दाखव. ती म्हणाली, "त्या दप्तराच्या वाटेला जाऊ नकोस." का? "नको म्हटलं ना." मग माझा तोल गेला. म्हटलं, तुमच्या पिढीने नुसत्या खुर्च्या उबवल्या, म्हणून आज कोणाला काही माहीत नाही. माणसं मेली आणि तुम्ही शिक्के मारत बसलात!

आई म्हणाली, "माझ्या खुर्चीचा एक पाय मोडलाय. उबवायलासुद्धा नीट बसता येत नाही."

असं बोलून ती हसवते आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. भित्री आहे आई. हे मी रागात लिहीत नाहीये, विचार करून लिहितेय.

२४ जानेवारी

मी आईला न विचारता सरांचं पत्र घेऊन थेट तिच्या साहेबांकडे गेले. साहेब चांगल्या मूडमध्ये होते, "संशोधन का? वा!" म्हणाले आणि सही केली. आई तेव्हा खिडकीवर होती. मला रेकॉर्डच्या खोलीत जाताना तिने पाहिलं आणि तिच्या हातातला दाखला तिने समोरच्या माणसाला उलटा दिला.

रजिस्टर मोठ्या पाटीएवढं आहे. पान उघडलं. चौतीस ओळी एकाखाली एक. मृत्यूचं कारण: चेंगरून. खाली तसंच, तसंच, तसंच. आणि नावाच्या रकान्यात चौतीस वेळा एकच शब्द: बेवारस.

पण सव्वीस ठिकाणी 'बेवारस' वर लाल शाईची एक सरळ रेघ होती, आणि वर नाव. बाईचं, माणसाचं, एका दहा वर्षांच्या पोराचं. शेजारी तारीख आणि छोटी सही. तारखा गेल्या सात वर्षांतल्या. सही मला ओळखायला एक क्षण लागला नाही, माझ्या प्रगतिपुस्तकांवर बारा वर्षं तीच होती.

मी तिथेच रडले. रजिस्टरवर पाणी पडू नये म्हणून मागे सरकून रडले.

२५ जानेवारी

आज आईने सगळं सांगितलं. गच्चीवर कपडे काढताना. तोंडात चिमटे धरून बोलत होती, त्यामुळे निम्मं पुन्हा विचारावं लागलं.

त्या वेळी मृतदेह मोठ्या दवाखान्यात ठेवले होते. ओळख पटवायला जावं तर दारातच एक जण वही घेऊन बसलेला. तुझं नाव सांग, नातं सांग, कामाला कुठे ते सांग. संध्याकाळपर्यंत त्या घरातल्या सगळ्यांची नावं कारखान्याच्या हजेरीतून कमी. दोन दिवसांत ही गोष्ट वस्तीत पसरली. मग लोक जायचे, बघायचे आणि "आमचा नाही" म्हणून परत यायचे. म्हणून चौतीसच्या चौतीस बेवारस.

मी म्हटलं, "कसले लोक गं! स्वतःच्या माणसाला नाही म्हणाले? मी असते तर—"

"तू असतीस तर घरी तुझी दुसरी दोन पोरं ताटावर बसलेली असती. मग बघितलं असतं."

कायद्यात सोय आहे. घरच्या माणसाने अर्ज द्यायचा, दोन साक्षीदार आणायचे, की नाव घालता येतं, कितीही वर्षांनी. पण लोक येत नाहीत, कारण आता त्यांची मुलं त्याच कारखान्यात आहेत. म्हणून आई रविवारी 'मैत्रिणीकडे' जाते ती खरं म्हणजे त्या घरांमध्ये जाते. एकेका घराला वर्ष-वर्ष लागलं. रोजच्या नावाच्या चुका आणि जन्मतारखेच्या चुका सुधारतात, त्यांच्यात मिसळून ती हळूच हेही एक करते, म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

"आतापर्यंत सव्वीस फेरफार झाले," ती म्हणाली. आई आधी अठरा वर्षं जमिनीच्या दप्तरात होती. तिथे मालकाचं नाव बदलून रीतसर नवीन नोंद झाली की तिला फेरफार म्हणतात. तीच भाषा तिने इकडे आणली. घरातसुद्धा फेरफारच. पडदे बदलले की "आज एक फेरफार केला."

"आठ राहिलेत. ते होऊ देत. तोवर एक अक्षर बाहेर जायला नको. कबूल?"

मी म्हटलं, कबूल. आणि म्हटलं, मला माफ कर, मी तुला भित्री समजत होते. ती म्हणाली, "आहेच मी भित्री. ती चादर धर."

२ फेब्रुवारी

राहिलेल्या आठ जणांची वर्णनं मी रजिस्टरमधून उतरवून आणली होती. आज जेवताना वाचून दाखवली. "सत्तावीस: स्त्री, अंदाजे साठ, पायात जोडवी नाहीत. तीस: पुरुष, टक्कल, हातावर गोंदण. एकतीस: पुरुष, अंदाजे सतरा, सदरा अंगापेक्षा मोठा, बाह्या दुमडलेल्या."

आजोबा अर्ध्या जेवणावरून उठले. आई म्हणाली, "पुरे आता." मी म्हटलं, पुरे कसं? सतरा वर्षांचा मुलगा, आणि त्याचे आईबाप अजून गप्प! बत्तीस वर्षं! असल्या बापाला रात्री झोप तरी कशी लागते?

आईने माझ्या पुढ्यातला कागद घेतला आणि घडी घालून ठेवून दिला. "आजोबांना विचार, दूध घेणार का."

हे आणखी एक. आमच्या घरात आई आणि आजोबा सरळ बोलत नाहीत. "त्यांना विचार", "तिला सांग". मी लहानपणापासून या घरचं टपालखातं आहे. आधी वाटायचं आजोबांच्या कानामुळे. पण ती तर हळू बोलणारी नाही. मामाच्या वेळेपासून असेल कदाचित. मामा तरुणपणी बोटीवर कामाला गेला तो गेलाच, पत्र नाही, काही नाही. आजोबांनीच त्याला पाठवलं असावं आणि आईच्या मनात ते राहिलं असावं. विचारलं तर दोघंही उत्तर देत नाहीत.

१२ फेब्रुवारी

निबंध लिहून झाला. एवीस पानं. नाही, एकवीस. बघा, हात दुखतोय.

कबूल केलं होतं हे आठवतंय मला. पण आईचं नाव कुठेच घेतलेलं नाही, 'एक कर्मचारी' एवढंच. आणि सरांना देणं म्हणजे काही बाहेर देणं नाही. सर म्हणजे वर्गच, आणि वर्ग म्हणजे घरासारखाच. शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय: 'या मृतांच्या नोंदवहीत आजवर सव्वीस फेरफार झाले आहेत, आठ बाकी आहेत. ज्या हातांनी ते केले त्या हातांना इतिहास विसरणार नाही.' मला स्वतःलाच वाचून भरून आलं.

२० फेब्रुवारी

सरांनी वर्गात वाचून दाखवला. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प होती. वार्षिक प्रदर्शनात फलकावर लावायचा म्हणाले. मी जरा घुटमळले. मग म्हटलं, लावा. लोकांना कळायलाच हवं ना, नाहीतर हे सगळं कशासाठी? आईला प्रदर्शन संपल्यावर सांगेन. प्रदर्शनाला ती कुठे येते!

२७ फेब्रुवारी

आज मी पेपरात!!

(दुपारी) घाईत फक्त प्रदर्शनातल्या निबंधाचा फोटो बघितला होता. मथळा आता वाचला. 'मृतांच्या नोंदवहीत सव्वीस फेरफार! कोणाच्या सांगण्यावरून? चौकशीची मागणी.' आणि खाली: 'कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने जुन्या नोंदींशी छेडछाड केल्याचे एका विद्यार्थिनीच्या संशोधनातून उघड झाले आहे.'

हे मी कुठे म्हटलंय? मी तर कौतुक केलंय. कौतुक!

पेपरच्या कचेरीत पळत गेले. बातमीदार चहा पीत होता. म्हणाला, "ताई, शब्द तुमचाच आहे. अवतरणचिन्हात घातलाय." मी म्हटलं, अहो, फेरफार म्हणजे रीतसर नोंद, दप्तरातला शब्द आहे तो. तो हसला. "लोक दप्तरात राहत नाहीत. लोकांच्या भाषेत फेरफार म्हणजे घोटाळाच."

आई अजून आलेली नाही. काय सांगू तिला? मी काय करून बसले हे!

२७ फेब्रुवारी, पुन्हा

आली. ओरडली नाही, हेच वाईट. पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "दोन माणसं आली आणि रजिस्टर गोणीत घालून घेऊन गेली. मी पोच मागितली तर हसले." मग पाणी प्यायल्यावर, "दुरुस्ती लिहिलं असतंस तर कोणी वाचलंही नसतं गं." आणि मग, "चूक माझीच. जमिनीच्या दप्तरातली सवय जिभेवरून गेली नाही."

मी तिचे पाय धरले. तिने पाय मागे घेतले, रागाने नाही. चप्पल काढायची राहिली होती तिची.

३ मार्च

आई निलंबित. पत्रावर मोठ्या साहेबांची सही, 'संशोधन का? वा!' म्हणणारे तेच.

सर घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. आईला म्हणाले, "दोष माझा आहे. मी प्रत्येक वाक्याला तळटीप मागतो, आणि याच शब्दाला मागितली नाही." आईने त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला नाही, कप हातात धरून बसून राहिले.

६ मार्च

आज मला कळलं. सकाळी कॉलेजला निघाले, वही विसरली म्हणून परत आले, तर आई आजोबांशी बोलत होती. सरळ, त्यांच्यासमोर उभी राहून. एकोणीस वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं.

"आता ते आठ तसेच राहणार," ती म्हणत होती. "सात वर्षं तुमच्या मागे लागले, एकदा चला, एक सही करा. नाही आलात. आता यायचं म्हटलंत तरी उपयोग नाही. झालं तुमच्या मनासारखं."

आजोबा चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

मी दारात उभी होते. एकतीस नंबर, सतरा वर्षं, सदरा अंगापेक्षा मोठा. मी जेवताना मोठ्या आवाजात वाचलं होतं ते. असल्या बापाला झोप कशी लागते, असं त्यांच्या तोंडावर विचारलं होतं मी. देवा.

आईने मग सांगितलं. मामा बोटीवर कधी गेलाच नव्हता. त्या दिवशी मोर्चात जायची पाळी आजोबांची होती, पण त्यांच्याऐवजी तो गेला, त्यांचाच सदरा घालून. दवाखान्यात आजोबा चौदा वर्षांच्या आईला सोबत घेऊन गेले. चादर बाजूला केली. वहीवाल्याने विचारलं, "तुमचा?" आजोबा म्हणाले, "नाही. आमचा नाही." आई ओरडणार होती, त्यांनी तिचा हात इतका घट्ट धरला की चार दिवस निळा होता. घरी तिची आई होती आणि एक धाकटी बहीण होती. नोकरी राहिली. नोकरीवर सगळे जगले. आई शिकली, कारकून झाली, माझा जन्म झाला, मी कॉलेजात गेले. सगळं त्या एका 'नाही'वर.

"आणि तू त्या कार्यालयात मुद्दाम बदली मागून घेतलीस?"

"हो. पण स्वतःच्या माणसाची नोंद आपल्याला सुरू करता येत नाही. आणि बाप हयात असेल तर अर्ज त्यानेच द्यायला हवा. म्हटलं, दुसऱ्यांचे होताना बघून यांचं मन वळेल. तोवर दुसऱ्यांचे करत राहिले."

मला आज लिहवत नाही.

१५ मार्च

चौकशीची नोटीस आली. सव्वीसपैकी प्रत्येकाच्या घरच्यांनी एकोणतीस तारखेला स्वतः हजर राहून सांगायचं, की हा माणूस आमचा आहे. जो येणार नाही त्याची नोंद पुन्हा पहिल्यासारखी होणार. म्हणजे बेवारस.

आई आणि मी रोज घरोघर जातोय. आई दारं ओळखते, मी पिशवी धरते. शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या, "मी येणार, माझं कोण काय वाकडं करणार?" त्यांचा नवरा, अकरावी नोंद. सायकलवाल्याने मात्र दार अर्धवटच उघडलं. त्याची बहीण आहे यादीत. "ताई, माझ्या पोराचं आताच कायम झालंय कामावर. तुम्ही नाव लिहिलंत तेव्हा गुपचूप होतं म्हणून मी अर्ज दिला. आता पेपरात आलंय." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ही का ती?"

हो. मीच ती.

परतताना मी आईला म्हटलं, मला एकदा मार तरी. ती म्हणाली, "आधी उरलेली घरं होऊ देत, मग बघू."

२१ मार्च

कारखान्याच्या फाटकावर कागद लागलाय म्हणे. त्यात काही नाही, फक्त एकोणतीस तारखेला कोणालाही रजा मिळणार नाही, एवढंच. हुशार माणसं आहेत.

तेरा घरं येतो म्हणाली. आई म्हणते, त्यातली दहा धरून चाल.

२९ मार्च

क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन. विसरता येणार नाही, तरी.

सकाळी आम्ही निघालो तर आजोबा आधीच दारात, इस्त्रीचा सदरा घालून. कोणी बोलावलं नव्हतं. आईने त्यांच्याकडे पाहिलं. बसमध्ये तिने त्यांना खिडकीची जागा दिली.

चौकशी अधिकारी एक बाई होत्या, नीटनेटक्या, आवाज अगदी मऊ. शेजारी टंकलेखक. आधी मला उभं केलं. "फेरफार हा शब्द आपण वापरलात?" हो, पण त्याचा अर्थ कायदेशीर बदल असा आहे, मी कौतुकाने लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत. बसा." एकवीस पानांवर माझं म्हणणं एवढंच ऐकून घेतलं गेलं.

मग एकेक क्रमांक. ज्याचं कोणी होतं ते उभं राहायचं. काकू उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "अकरा माझा. नवरा माझा. लिहा." दळणवाल्याची म्हातारी आई उठली. ज्यांची आशा नव्हती असे दोघं उठले, आणि ज्यांची खात्री होती असे चार आलेच नाहीत. कोणी नसलं की बाई पाच मोजेपर्यंत थांबायच्या आणि म्हणायच्या, "पूर्ववत." टंकलेखक लिहायचा, पूर्ववत. सायकलवाल्याच्या बहिणीला पूर्ववत. दहा वर्षांच्या त्या पोराला पूर्ववत. आई भिंतीला टेकून उभी होती आणि प्रत्येक वेळी ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणत होती. सात वर्षं घालवून लिहिलेली नावं.

अकरा राहिली. पंधरा गेली.

बाई कागद गोळा करायला लागल्या, तेवढ्यात आजोबा उठले. कठड्याला धरून पुढे गेले.

"एकतीस," ते म्हणाले.

बाईंनी यादी पाहिली.

"एकतीस नंबरचा आमचा आहे. मुलगा माझा. सदरा माझाच होता, त्याला मोठा व्हायचा. मी तेव्हा नाही म्हणालो. तो आमचा होता." आणि त्यांनी मामाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं. त्यांच्या तोंडून ते नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आईने तोंडावर हात धरला.

टंकलेखकाने बोटं कळांवर ठेवली होती. बाईंनी त्याला हाताने थांबवलं. अगदी हळू, समजावून सांगतात तशा आवाजात त्या म्हणाल्या, "आजोबा, एकतीस क्रमांकाच्या नोंदीत फेरफारच झालेला नाही. त्यामुळे ती चौकशीत येत नाही."

"मग नवीन अर्ज घ्या," आई म्हणाली. "वडील समोर उभे आहेत. साक्षीदार इथेच आहेत, अकरा घरं आहेत."

"इतकी जुनी दप्तरं यापुढे उघडायची नाहीत, असा आदेश कालच निघालाय. सील झालंय ते. मला खरंच वाईट वाटतं." आणि मला वाटतं, त्यांना खरंच वाटत होतं. टंकलेखकाने यंत्रातला कागद काढला.

आजोबांना यातलं काही ऐकू गेलं नाही. बाईंचा आवाज मऊ होता आणि त्या त्यांच्या गेलेल्या कानाच्या बाजूला होत्या. त्यांनी बाईंना नमस्कार केला. बाईंनीही केला.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही तिघं थांबलो. काकू आणि बाकीचे पुढे गेले होते. आजोबांचा चेहरा असा मी कधी पाहिलाच नव्हता. हलका. त्यांनी आईला विचारलं, सरळ तिलाच, "लिहिलं ना त्यांनी?"

आईने तोंड फिरवलं. दप्तराबद्दल तिला खोटं सांगता येत नाही. तिने उभ्या आयुष्यात कधी खोटी नोंद केलेली नाही.

मी त्यांच्या चांगल्या कानाशी गेले. गेले तीन महिने मी सत्य, साधनं, पुरावा यांच्याशिवाय दुसरं काही बोललेले नाही.

"हो आजोबा. लिहिलं."

"नाव बरोबर? बापाच्या नावासकट?"

"बरोबर. मी डोळ्यांनी पाहिलं."

त्यांनी मान हलवली. दोनदा. मग म्हणाले, "आता दाखला कधी मिळतो? हिला विचार."

मी आईकडे पाहिलं. विचारायची हिंमत होत नव्हती. तिने पदराने चेहरा पुसला आणि खिडकीवर बसून रोज सांगते त्याच आवाजात, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "सात दिवसांनी."

"सात काय, थांबतो की," आजोबा म्हणाले.